वाळवीला प्रवेश नाही

सोमवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या बाईंनी मला दारातच अडवलं. "ये, ये. तुझा सर्व्हर रुसलाय."

शनिवारपर्यंत तो शाळेचा सर्व्हर होता. बिघडला आणि माझा झाला!

आमच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, गुंडाळलेले नकाशे उभे ठेवायच्या पिंपामागे, एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यातल्या डेटाबेसमध्ये शाळेच्या साडेसहा हजार पुस्तकांच्या नोंदी आहेत. कुठलं पुस्तक कोणी नेलं, किती वाजता परत केलं, कुठल्या पानावर शाई सांडली, सगळं. बाईंच्या टेबलावरचा कॉम्प्युटर विचारतो, कोपऱ्यातला उत्तर देतो. त्याची डिस्क कुरकुरायला लागली होती, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. मी म्हणजे नववीतली एक मुलगी. पण शाळेत हे काम येणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि मला दादाने सुट्टीत शिकवलेलं अर्धंमुर्धं येत होतं. आंधळ्यांच्या राज्यात मी एका डोळ्याची राणी.

मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयातच असते, हेही एक कारण होतंच. आठवीपर्यंत वर्गात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. हजेरीला "हजर" म्हटलं तरी मागचे विचारायचे, "कोण बोललं?" यंदा विज्ञान प्रदर्शनात आमच्या गटातली बोलणारी मुलगी आजारी पडली आणि माइक माझ्या हातात आला. अडीच मिनिटं बोलायचं होतं, मी अकरा मिनिटं बोलले! माइक अक्षरशः काढून घ्यावा लागला. तेव्हापासून मला बोलायला भयंकर आवडतं. फक्त एक घोळ झाला. मला आवाज सापडेपर्यंत बाकीच्यांच्या टोळ्या ठरून गेल्या होत्या. बाकावर तिघी, डब्याला पाचजणी, सायकलवर दोघी. आत्मविश्वास आला खरा, पण तो वापरायला माणसं कुठून आणायची? म्हणून मग बाई, नकाशांचं पिंप आणि सर्व्हर.

तर, सर्व्हर सुरूच होईना. पडद्यावर एकच वाक्य येत होतं: परवानगी नाही. स्वतःच्याच फायली वाचायची त्याला परवानगी नव्हती.

"हात्तिच्या," मी म्हटलं, "परवानगीच हवी ना? देते."

फायलींच्या परवानग्या तीन आकड्यांत लिहितात. पहिला आकडा फायलीच्या मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा. सात म्हणजे पूर्ण मुभा: वाचा, लिहा, चालवा. मी सात-सात-सात देऊन टाकलं आणि कॉलर ताठ करून बाईंकडे बघितलं.

सर्व्हर तरीही सुरू झाला नाही. उलट आता त्याने वेगळं वाक्य ऐकवलं. फोल्डरच्या परवानग्या गरजेपेक्षा जास्त सैल आहेत, मी चालू होणार नाही.

"आता काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"आधी म्हणत होता आत येऊ देत नाही. आता म्हणतोय सगळ्यांना का येऊ देता."

"माझ्या सासूबाईंसारखाच आहे," बाई म्हणाल्या आणि रजिस्टर काढून हाताने नोंदी करायला बसल्या.

मंगळवारी बाईंच्या फोनवरून दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या गावी वसतिगृहात राहतो.

"बोल गं म्हशी."

"दादा, स्पीकरवर आहेस. बाई ऐकतायत."

"नमस्कार बाई," आवाज एकदम तूप लावल्यासारखा. "काय झालंय ताई?"

आयुष्यात पहिल्यांदा मला ताई म्हणाला. मी सगळं सांगितलं, फक्त तीन सात गाळले.

"थांब," तो म्हणाला. "सैल आहेत म्हणतोय? तू सात-सात-सात तर नाही ना केलंस?"

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला घेतली.

"केलंस?"

"सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून केलं."

"अगं ए बावळट! बाई, सॉरी. डेटाबेस म्हणजे काय धर्मशाळा आहे? कोणीही यावं आणि काहीही खरडावं? तो शहाणा आहे, तो तसा उघडतच नाही. आता मी सांगतो तसं कर. फायली कोणाच्या नावावर आहेत बघ."

बघितलं तर सगळ्या रूटच्या नावावर. रूट म्हणजे कॉम्प्युटरचा सर्वेसर्वा. शनिवारी कॉपी करताना मी रूट होऊन बसले होते, त्यामुळे सगळ्या फायली रूटच्या झाल्या. डेटाबेसचा स्वतःचा एक साधा यूजर असतो, तो बिचारा आपल्याच घरात परका झाला.

"मालकी त्याची त्याला परत दे," दादा म्हणाला. "आणि मालकाला सात."

"गटाला?"

"शून्य."

"बाकीच्यांना?"

"शून्य. सात-शून्य-शून्य. पाठ कर."

दिलं, आणि सर्व्हर लगेच सुरू झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "बघितलंत बाई, उंटावरून शेळ्या हाकतोय," आणि त्याच्या तासाची घंटा झाली म्हणून त्याने फोन ठेवला. मला त्याला आणखी बरंच सांगायचं होतं. आई दवाखान्यात एक्स-रे काढते, ती सातला येते. बाबा दुधाचा टँकर चालवतात, पहाटे जातात, मी शाळेतून येते तेव्हा झोपलेले असतात. घरात सगळे असतात, फक्त एका वेळी नसतात. घरी येऊन मी डब्याचं भांडं घासते आणि सर्व्हरचं सगळं हळू आवाजात त्या भांड्याला सांगते. भांडं छान ऐकतं.

गुरुवारी मुख्याध्यापक बाई, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, स्वतः ग्रंथालयात आल्या. कौतुक करून झाल्यावर म्हणाल्या, "यात मुलांची नावं, घरचे पत्ते आहेत ना? बाहेरून हे कोणाकोणाला दिसतं?"

मी यादी उघडली. कुठल्या कॉम्प्युटरवरून कोणाला आत घ्यायचं हे एका फायलीत लिहिलेलं असतं. आमच्या फायलीत एकच ओळ होती आणि तिचा अर्थ होता: ज्याच्याकडे नाव आणि पासवर्ड आहे, त्याला जगात कुठूनही येऊ द्या.

"हे बंद कर," मोठ्या बाई म्हणाल्या.

खरं सांगते, मला फार मजा आली. ती ओळ मी खोडली आणि फक्त तीन कॉम्प्युटरची नावं लिहिली: बाईंचा, ऑफिसातला आणि वाचनकक्षातला. बाकी सगळ्यांना दार बंद. कोण येत होतं, कशासाठी येत होतं, काही बघितलं नाही. एका झटक्यात ओळ गेली. मोठ्या बाई "शाब्बास" म्हणाल्या आणि ते "शाब्बास" मी त्या संध्याकाळी भांड्याला चार वेळा सांगितलं.

पुढच्या मंगळवारी मी सर्व्हरचा लॉग वाचायला घेतला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय विचारलं, काय चुकलं, सगळं वेळेसकट. सुट्टी वीस मिनिटांची, खालून मैदानावरचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि मी डबा मांडीवर घेऊन ओळी खाली सरकवत होते.

शुक्रवार, दहा वाजून दहा मिनिटं. वाळवी. प्रवेश नाही.

दहा वाजून अकरा. वाळवी. प्रवेश नाही. दहा वाजून चौदा. वाळवी. प्रवेश नाही.

शनिवारीही दहा-दहाला तीनदा, सोमवारी दोनदा, आणि आज सकाळी एकदा.

ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये वाळवी! "बाई, चोर!" मी ओरडले. पण बाई ऑफिसात गेल्या होत्या आणि वाचनकक्षात एकटा पंखा फिरत होता.

चोर म्हटल्यावर मी जुन्या डिस्कवरचे जुने लॉग उघडले. चोराने काय काय नेलं ते तरी कळू दे. आणि बघते तर काय, वाळवी नवी नव्हतीच. अडीच वर्षांपासून शाळा ज्या ज्या दिवशी भरली त्या त्या दिवशी वाळवी आली होती. बरोबर दहा-दहाला. शाळा दहाला भरते आणि ग्रंथालय दहा-दहाला उघडतं. प्रत्येक वेळी तिने एकच प्रश्न विचारला होता: काल कोणती पुस्तकं गेली आणि कोणती आली? उत्तर घ्यायचं आणि बाहेर पडायचं. अडीच वर्षांत एक अक्षर बदललं नव्हतं, काही पुसलं नव्हतं. चोर इतका नेमाने येतो आणि इतकं कमी नेतो होय?

बाई आल्यावर मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"ही वाळवी म्हणजे आपले सर गं," त्या म्हणाल्या.

"कुठले सर?"

"माझ्या आधीचे ग्रंथपाल. तू पाचवी-सहावीत असशील. उंच, खांद्यावर कायम धूळ असायची बघ. हे सगळं त्यांनीच उभं केलं. पन्नाशी ओलांडल्यावर डेटाबेस शिकले. शिक्षकखोलीत सगळे त्यांना वाळवी म्हणायचे, तेच नाव त्यांनी स्वतःला घेतलं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, काही अडलं तर फोन करा. मला काही अडलंच नाही. त्यांनी सगळं इतकं नीट लावून दिलं होतं की अडणार काय? म्हणून फोन करायचा राहिलाच."

"अडीच वर्षं?"

"दिवस कसे जातात कळतं का," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एक म्हातारा माणूस रोज सकाळी शाळेच्या वेळेला दार वाजवत होता आणि मी आतून कडी लावून शाब्बास मिळवली होती. शुक्रवारी तीनदा वाजवलं, आज एकदाच. उद्या?

"बाई, त्यांना परत घेऊ या."

"नाही घेता येणार. ते आता शाळेचे नाहीत. मुलांची नावं बाहेरच्याला दाखवायची नाहीत, नियम बरोबरच आहे."

"नावं न दाखवता घेतलं तर?"

बुधवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी मी मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर उभी होते. आठवीतली मी असते तर दारावरची पाटी वाचून परत गेले असते. यंदाची मी आत गेले आणि एका दमात सांगितलं. मोठ्या बाईंनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "पुस्तकाचं नाव आणि तारीख. मुलांचं नाव नको, कार्डाचा नंबर नको, इयत्ता नको. त्यातलं काहीही दिसलं तर तुझा सर्व्हर बंद."

पुन्हा माझा!

मधल्या सुट्टीत मी खिडकी बनवली. डेटाबेसमध्ये अशी सोय असते: मूळ तक्त्याला हात न लावू देता त्यातले मोजकेच रकाने दाखवायचे. मी दोनच रकाने ठेवले, पुस्तक आणि तारीख. वाळवीला मूळ तक्ता बंद, ही एवढी खिडकी उघडी, आणि दाराच्या यादीत वाळवीसाठी एक स्वतंत्र ओळ. त्यांचा जुनाच प्रश्न जसाच्या तसा चालेल अशी व्यवस्था केली. स्वतः वाळवी होऊन तपासलंसुद्धा. कोणाचं नाव, नंबर दिसत नव्हता. डबा तसाच परत गेला, पण भूक कोणाला होती!

गुरुवारी पहिल्या तासाला भूगोलाचे सर वारे शिकवत होते. मी घड्याळाकडे बघत होते. दहा-नऊ. दहा-दहा. आत्ता सर बसले असतील. आत्ता दार उघडलं असेल. मला हसू फुटलं आणि सरांनी विचारलं, "व्यापारी वाऱ्यांत हसण्यासारखं काय आहे?" वर्ग हसला. तेही मला चाललं.

सुट्टीत धावत जाऊन लॉग उघडला.

दहा-दहाला काहीच नव्हतं. दहा-अकरालाही नाही. वाळवी आलीच नव्हती. बुधवारीही आली नव्हती.

शुक्रवारी पुन्हा नाही.

मी पिंपाला टेकून जमिनीवर बसून राहिले. आतापर्यंत जे चुकलं ते सर्व्हरने मला तोंडावर सांगितलं होतं. परवानगी नाही, सैल आहे, मालकी चुकली. पण जो माणूस यायचाच थांबला, त्याच्याबद्दल लॉगमध्ये ओळ पडत नाही. दार उघडलंय हे त्यांना कळणार कसं? बाईंकडचा फोन नंबर लावला तर "हा क्रमांक अस्तित्वात नाही" म्हणून एक बाई तीन भाषांत सांगत राहिली.

"पत्ता आहे," बाई म्हणाल्या आणि कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. "मी पण येते" असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग एवढंच म्हणाल्या, "माझा नमस्कार सांग. आणि सांग की... काही नको. नमस्कार सांग."

शनिवारी शाळा साडेबाराला सुटते. बाईंनी आईला फोन करून विचारलं होतं, आई म्हणाली होती, "दिवसाउजेडी जा आणि थेट घरी ये." घर पंधरा मिनिटांवर निघालं. खाली पडद्यांचं कापड विकणारं दुकान, बाजूने अरुंद जिना, दुसऱ्या मजल्यावर हिरवं दार. मी घंटा वाजवली आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की काय बोलायचं ते ठरवलंच नाही.

दार सरांनीच उघडलं. उंच होते, पण वाकल्यामुळे उंची थोडी आत गेली होती. अंगात पांढरा शर्ट, अगदी इस्त्रीचा.

"सूनबाई कामावर गेलीय. संध्याकाळी ये," ते म्हणाले आणि दार लोटायला लागले.

"सर, मी शाळेतून आले. वाळवीकडे."

दार अर्ध्यावर थांबलं.

आत एक खोली पुस्तकांनी भरलेली. खिडकीपाशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि त्याच्यावर घडी न मोडलेला टॉवेल. मंगळवारपासून उघडला नसावा. सरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले, मुलाखतीला आल्यासारखे.

मी एका श्वासात सगळं सांगून टाकलं. डिस्क, तीन सात, मोठ्या बाई, खोडलेली ओळ. "तुम्हाला मी बंद केलं सर. शाळेने नाही. मी बघितलंच नाही कोण येतं ते."

खालच्या दुकानात कोणीतरी कापड टराटरा फाडत होतं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "कोणाच्या तरी लक्षात आलं. आणि तोंडावर सांगायचं कसं म्हणून नुसतंच दार लावून घेतलं. चूक माझीच होती म्हणा. निवृत्त माणसाने कशाला जायचं परत परत. मुलगा म्हणतो, बाबा, भाजीबाजारात जा, कट्ट्यावर जा, चार माणसांत बसा. चार माणसांत बसलं की चौघे गुडघ्यांबद्दल बोलतात. मला गुडघ्यांत काय रस?" मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "सात-सात-सात केलंस?"

"हो."

"मीही केलं होतं. पहिल्याच वर्षी." आणि हसले. हसल्यावर ते बरेच उंच दिसले.

मी टॉवेल काढून कॉम्प्युटर सुरू केला. सरांनी पासवर्ड घातला, एका बोटाने, मी तोंड भिंतीकडे फिरवल्यावर. दार उघडलं. पडद्यावर कालची पुस्तकं एकाखाली एक आली. ते पुढे झुकून वाचायला लागले. त्यांचं बोट ओळीवरून उजवीकडे सरकलं आणि कडेला जाऊन थांबलं.

"नंबर कुठंय?"

"मुलांचे नंबर नाही दाखवायचे सर. मोठ्या बाईंची अट आहे. पुस्तक आणि तारीख, एवढंच."

"बरोबर आहे. अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच सुरुवातीला करायला हवं होतं." पण बोट तिथेच राहिलं, रिकाम्या जागेवर.

"सर, तुम्हाला नंबर कशाला हवा होता?"

"काही नाही गं. म्हातारचळ." ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "एक पोरगा आहे. नाव मला माहीत नाही, मी कधी बघितलं नाही, शप्पथ. नुसता नंबर. अकराशे चौऱ्याहत्तर. दोन वर्षं झाली, दर दोन-तीन दिवसांनी एक पुस्तक. आणि काय वाचतो! आज दीपगृहं, उद्या मधमाश्या, परवा एखादी खुनाची गोष्ट, मग दोरीच्या गाठी. काही ताळतंत्र नाही. मला गंमत वाटली. म्हटलं, बघू तरी हा कुठे जातो. म्हणून तो घेईल ते मीही घ्यायला लागलो. अर्धी घरात होती, उरलेली वाचनालयातून आणायची. तो पुढे, मी मागे. एकदा तर शिवणकामाचं पुस्तक नेलं त्याने."

"ते तुम्ही वाचलंत?"

"मग? सोडून कसं चालेल? हे बघ." त्यांनी शर्टाची बाही पुढे केली. "हे काज मी केलंय."

काज जरा वाकडं होतं, पण टाके घट्ट होते. ते पुस्तक मी चुकून उचललं होतं. शेजारचं हवं होतं, ते घरी गेल्यावर कळलं आणि दुसऱ्या दिवशी न उघडताच परत केलं होतं. कारण अकराशे चौऱ्याहत्तर हा माझा नंबर आहे.

मी दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत बसले. अकरा मिनिटं बोलणारी मी.

"एकटं असावं ते पोर," सर पडद्याकडे बघत म्हणाले. "परत केल्याची वेळ दिसायची ना, रोज मधली सुट्टी. ज्याला सोबती आहेत ते पोर त्या वेळेला मैदान सोडून ग्रंथालयात कशाला येईल? मी तीस वर्षं त्या टेबलामागे बसून बघितलंय. कधीकधी वाटायचं, बाईंना फोन करून सांगावं, त्याच्याशी जरा बोला म्हणून. पण मग विचारतील, तुम्हाला कसं माहीत? राहिलं ते." त्यांनी टॉवेलची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "आठवडा उलटून गेला. आता केवढा पुढे गेला असेल. आणि नंबर दिसणार नाही म्हटल्यावर यातलं त्याचं कुठलं, कसं ओळखायचं?"

माझे कान तापले होते. मी पुढे होते आणि मागून कोणीतरी येत होतं, हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याआधी ते दुसरं ऐकू आलं होतं, एकटं असावं ते पोर. दोन वर्षं मी समजत होते की ते कोणाला दिसत नाही. आणि ते इथे, पडद्यांच्या दुकानावर, मला न ओळखणाऱ्या माणसाला वेळेसकट दिसत होतं. वाटलं, गप्प बसावं. नमस्कार सांगावा आणि जिना उतरावा. नंबर तर आता कोणालाच दिसत नव्हता.

मी उठलेसुद्धा. दप्तर खांद्याला लावलं. "बाईंनी नमस्कार सांगितलाय," मी म्हटलं.

"त्यांनाही सांग. काही अडलं तर—" आणि ते थांबले. "नाही, काही अडणार नाही."

दाराशी जाऊन मी वळले. ते पडद्यावरची यादी पुन्हा वरून वाचत होते, ओळीमागून ओळ, जत्रेत हरवलेलं माणूस शोधतात तसे.

"सर, तो फार पुढे नाही गेलेला."

"तुला काय माहीत?"

"आणि तो मुलगा नाहीये." माझा आवाज आठवीतल्यासारखा आला. मी घसा खाकरून पुन्हा म्हटलं, "अकराशे चौऱ्याहत्तर मी आहे सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून बुटांपर्यंत आणि परत. मला वाटलं आता म्हणतील, अरेरे. किंवा माझी समजूत घालतील. तसलं काही झालं असतं तर मी पळून गेले असते.

"मधमाश्यांचं पुस्तक अर्धवट का टाकलंस?" त्यांनी विचारलं. "एका दिवसात परत?"

"त्यात राणीमाशी मरते."

"पुढे दुसरी येते."

"मला काय माहीत, मी टाकलं ना."

"मग वाचायला हवं होतंस," ते म्हणाले, जरा रागानेच. "बरं, इतक्या दिवसांत काय काय घेतलंस? सावकाश सांग, मी लिहून घेतो. मला आणायला वेळ लागतो." त्यांनी कागद ओढला, पेनचं टोपण काढलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"एकही नाही. सगळ्या सुट्ट्या सर्व्हरपाशीच गेल्या."

सर पेन धरून तसेच बसले. मग त्यांनी हळूच ते कागदावर आडवं ठेवलं.

"म्हणजे मी मागे पडलो नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"मला वाटलं होतं, सुटलं." त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे, मग पुन्हा पेन उचललं. "सोमवारी काय घेणार आहेस?"

"ठरवलं नाही अजून."

"ठरव," ते म्हणाले आणि पलंगावरची वर्तमानपत्रं बाजूला सारून बसायला जागा केली. "मी थांबतो."